उफणणी, वजनकाटा आणि एक थेंब रक्त

साखरखेर्डा हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते बहुतेक लढाईपुरतंच. ऑक्टोबर १७२४. दिल्ली दरबारानं हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला निजाम-उल-मुल्कच्या अंगावर सोडला, निजामानं मराठ्यांची मदत घेतली, आणि आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या (तालुका सिंदखेडराजा) ह्या गावाजवळ मुबारिजखान मारला गेला. निजाम तिथून पुढे दख्खनचा जवळजवळ स्वतंत्र धनी झाला. विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं गेलं, पण लोकांनी साखर काही सोडली नाही!

एवढं सांगून झालं की लोक सिंदखेडराजाच्या वाड्याकडे नाहीतर लोणारच्या सरोवराकडे वळतात. आज मी दोन्हीकडे जाणार नाहीये. आजचा इतिहास रक्ताचाच आहे, पण लढाईत सांडलेल्या नव्हे. समजा, साखरखेर्ड्यात जन्मलेल्या एका बाळाच्या टाचेला सुई टोचून एक थेंब रक्त घेतलं आणि विचारलं, "ह्या थेंबातलं हिमोग्लोबिन नीट आहे का?" प्रश्न एका ओळीचा. पण त्याचं उत्तर देता येण्यासाठी माणसाला किती वर्षं लागली, आणि आज ते उत्तर त्या बाळाच्या घरी पोचायला किती दिवस लागतात, ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघितल्या तर बरंच काही कळतं.

हा प्रश्न विदर्भातच का विचारायचा? कारण सिकलसेल. पुण्या-मुंबईत वाढलेल्या मित्रांना हा शब्द बारावीच्या बायोलॉजीतला वाटतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा ह्या पट्ट्यात आणि तिकडे नंदुरबारच्या सातपुड्यात तो घरातला शब्द आहे. आदिवासी समाजांमध्ये तर आहेच, पण विदर्भात अनुसूचित जातींमध्ये आणि काही इतर मागासवर्गीय समाजांमध्येही आहे. बुलढाणा ह्या पट्ट्याच्या पश्चिम कडेला येतो. पण जनुकाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, ते लग्नाच्या वरातीबरोबर आणि ऊसतोडीच्या ट्रकबरोबर कुठंही जातं.

आजार काय आहे ते थोडक्यात सांगतो. तांबडी पेशी एरवी गोल आणि लवचिक असते. ह्या आजारात ऑक्सिजन कमी झाला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना, वारंवार जंतुसंसर्ग, कधी लहान मुलांत पक्षाघात. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक असतो आणि बहुधा ठणठणीत असतो. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यानं १९५४ साली आफ्रिकेत दाखवलं. म्हणून तर हे जनुक जंगलपट्ट्यात टिकून राहिलं.

आता इतिहास. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण होता. भारतात ही गोष्ट नोंदली जायला १९५२ उजाडलं. त्या वर्षी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये सिकलसेल सापडल्याचे दोन वेगवेगळे लेख आले. आपल्याकडची नोंद १९५८ची. शुक्ला आणि सोळंकी ह्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे पिढ्यान् पिढ्या मुलं ह्यानं जात होती, पण कागदावर हा आजार विदर्भात आला तो संयुक्त महाराष्ट्र होण्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

ह्या सगळ्या नोंदींत मुख्य साधन होतं मायक्रोस्कोप. म्हणजे पेशीचा आकार *बघणं*. पण बघणं वेगळं आणि मोजणं वेगळं. आकार का बदलतो, ह्याचं उत्तर पेशीच्या आतल्या प्रोटीनमध्ये होतं आणि प्रोटीन काही मायक्रोस्कोपखाली दिसत नाही.

इथे लायनस पॉलिंग येतात. १९४५ साली विल्यम कॅसल नावाच्या डॉक्टरांकडून त्यांनी ऐकलं की ह्या पेशी ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तात वाकड्या होतात. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी लगेच ताडलं की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनमध्येच असणार. मग हार्वे इटानो ह्या तरुण डॉक्टरला त्यांनी कामाला लावलं. पद्धत साधी होती: हिमोग्लोबिनचं द्रावण नळीत घ्यायचं, दोन टोकांना वीज लावायची आणि कोण किती वेगानं पळतं ते बघायचं. ज्याच्यावर जसा चार्ज, तशी त्याची धाव. ह्यालाच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. निरोग्याचं हिमोग्लोबिन एका वेगानं गेलं, रुग्णाचं दुसऱ्या वेगानं. आणि वाहकाच्या रक्तात? दोन्ही! नोव्हेंबर १९४९ मध्ये 'सायन्स'मध्ये हा लेख आला आणि एखादा आजार एका रेणूवर बोट ठेवून दाखवायची ही पहिली वेळ ठरली.

पण हा रेणू केवढा? हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६. सगळे मिळून ५७४ मणी. ह्यातला नेमका कुठला मणी बदललाय? पाच-सहाशे ओळींच्या कोडमध्ये एक कॅरेक्टर चुकलंय, कंपायलर एरर देत नाहीये आणि प्रोग्राम फक्त लोड आल्यावर क्रॅश होतोय, असं समजा. आपल्यापैकी बहुतेकांनी असा एखादा शनिवार ऑफिसात काढलेला आहे.

१९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी हा बग शोधला आणि त्यांची रीत मला फार आवडते. त्यांनी सगळं हिमोग्लोबिन एकदम वाचायच्या भानगडीतच न पडता ते कापलं. ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य प्रोटीनला कुठेही कापत नाही, फक्त लायसिन आणि आर्जिनिन ह्या दोन मण्यांनंतरच कापतं. त्यामुळे एकच प्रोटीन कितीही वेळा कापलं तरी तेच तुकडे पडतात. हिमोग्लोबिनचे पडले तीसेक. मग हे तुकडे इंग्रॅमनी कागदावर ठेवले, एका दिशेनं वीज लावून पळवले आणि त्याच्या काटकोनात द्रावकानं ओढले. रंग दिल्यावर कागदावर ठिपक्यांची नक्षी उमटली. निरोगी आणि आजारी असे दोन कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जागच्या जागी, फक्त एक सरकलेला! पुढच्या वर्षी त्यांनी सांगितलं की त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आहे. नंतर पक्कं झालं की तो बीटा साखळीतला सहावा मणी. डिफ काढणं म्हणजे आणखी काय असतं?

ही रीत नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सत्तर वर्षं तीच चाललीये. कापा, दोन वेगवेगळ्या मापांनी वेगळं करा, ताडून बघा. आजची प्रोटीन मोजणारी कोट्यवधी रुपयांची मशिन्ससुद्धा ट्रिप्सिनच वापरतात. बदललं एवढंच की कागद गेला आणि वजनकाटा आला.

वजनकाटा म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. तत्त्व जुनं आहे, जे. जे. थॉमसन आणि त्यांचा शिष्य ॲस्टन यांच्या काळातलं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं. कणाला चार्ज द्या, निर्वात नळीत फेका, हलका जास्त वळतो आणि जड कमी. वळण्यावरून वजन काढा. अणूंना आणि छोट्या रेणूंना हे छान जमलं. प्रोटीनला जमेना, कारण फेकायचं तर आधी ते हवेत उठलं पाहिजे आणि प्रोटीनला तापवलं की त्याचं काय होतं हे ऑम्लेट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वाफ होत नाही, गठ्ठा होतो.

हे कोडं दोघांनी दोन बाजूंनी सोडवलं. पहिला कोइची तानाका. मंडळी, हा माणूस आपल्यातला आहे! इलेक्ट्रिकल इंजिनिअर, फक्त बॅचलर डिग्री, क्योटोच्या शिमाद्झू कंपनीत १९८३ साली नोकरीला लागलेला. काम मिळालं ते लेझरनं मोठे रेणू न मोडता उडवायचं. फेब्रुवारी १९८५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यानं कोबाल्टच्या अतिसूक्ष्म पुडीत नेहमीच्या द्रावकाऐवजी चुकून ग्लिसरीन ओतलं. पूड महाग, टाकून द्यायला जीव होईना. म्हणून तेच मिश्रण मशीनमध्ये घालून लेझर मारत बसला आणि जो सिग्नल कधी दिसत नव्हता तो दिसला. पुढे त्याच वाटेनं तो प्रोटीनपर्यंत पोचला. २००२ साली रसायनशास्त्राचं नोबेल. (आज लॅबमध्ये जी लेझर पद्धत जास्त चालते ती जर्मनीच्या कारास आणि हिलेनकांप यांची, आणि नोबेल त्यांना का नाही हा वाद त्या वेळी बराच रंगला होता.)

दुसरे जॉन फेन. ह्यांनी उलटा विचार केला: प्रोटीन उडवायचंच कशाला, पाण्यात विरघळवून विजेच्या दाबाखाली फवारा मारा. फवाऱ्याचे थेंब सुकत सुकत जातात आणि शेवटी चार्ज घेतलेलं प्रोटीन हवेत उरतं. १९८८-८९ मध्ये त्यांनी हे प्रोटीनवर करून दाखवलं, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले. २००२चं नोबेल त्यांनाही मिळालं, वयाच्या ८५व्या वर्षी. नोबेलच्या व्याख्यानाला त्यांनी जे नाव दिलं त्यात रेणूंच्या हत्तींना पंख लावल्याची कल्पना होती. एकीकडे पंचविशीतला नोकरदार, दुसरीकडे सत्तरीतले प्रोफेसर. वयाचं काही खरं नाही, एवढाच बोध!

आता आपला थेंब काट्यावर ठेवू. निरोगी बीटा साखळीचं वजन १५,८६७ डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूएवढं). सिकलसेलची बीटा साखळी १५,८३७. फरक ३० डाल्टनचा, काट्यावर लख्ख दिसतो. झालं की काम? नाही. भारतात हिमोग्लोबिनचे दोष आणखीही आहेत. 'डी-पंजाब' आहे, ईशान्येकडे 'ई' भरपूर आहे. ह्या दोघांचंही वजन निरोगी साखळीपेक्षा जेमतेम एका डाल्टननं कमी! अख्खी साखळी काट्यावर ठेवली तर डी कोण आणि ई कोण हे कळणं अवघड, निरोगीपासून वेगळे करणंसुद्धा मुश्कील. बरं, मग पॉलिंगची जुनी धाव वापरू? तिथे दुसरीच पंचाईत: नेहमीच्या अल्कली इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एस आणि डी अगदी बरोबरीनं पळतात. आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून डी आला तर मुलाला खरा आजार होतो, एस आणि निरोगी असेल तर तो वाहक.

म्हणजे धाव एका जोडीला फसते आणि वजन दुसऱ्या जोडीला. एकच माप कितीही बारीक केलं तरी फसणारच. इंग्रॅमनी कागदावर दोन दिशा घेतल्या त्या ह्याचसाठी. मग वजनाला जोड म्हणून दुसरं माप कुठलं घ्यायचं?

इथे आयन मोबिलिटी येते. नाव जड असलं तरी वस्तू आपल्या खळ्यावरची आहे. उफणणी बघितलीये? बैलगाडीवर उभं राहून सुपातून धान्य सोडतात. वारा आला की भरलेला दाणा सरळ खाली आणि भूस दूर. वाऱ्याला वजनाशी एकट्याशी घेणं नसतं. किती फुगलेलं आहे, किती पसरलेलं आहे, त्यावर तो धरतो. सारख्याच वजनाचे दोन कण, एक घट्ट गोळी आणि एक पसरट फोलपट, काट्यावर सारखे पण वाऱ्यात वेगळे. आयन मोबिलिटी म्हणजे चार्ज घेतलेल्या रेणूंची उफणणी.

ह्याचं गणित पॉल लांजवँ यांनी १९०५ साली मांडून ठेवलं होतं: वायूतून विजेनं ओढला जाणारा कण त्या वायूच्या रेणूंवर आपटत आपटत जातो, आणि जेवढा तो पसरट तेवढा जास्त आपटतो. बरीच वर्षं हे भौतिकशास्त्राच्या कोपऱ्यात पडून होतं. १९७०च्या सुमारास त्याची उपकरणं यायला लागली. विमानतळावर तुमच्या लॅपटॉप बॅगवर कापडाची पट्टी फिरवून ती एका डब्यात घालतात ना, स्फोटकं शोधायला? त्या डब्यांपैकी पुष्कळांत हेच तत्त्व असतं. म्हणजे आयन मोबिलिटीशी तुमची ओळख आधीच झालेली आहे, फक्त कोणी करून दिली नव्हती.

प्रोटीनवर हे नीट दाखवलं ते डेव्हिड क्लेमर, रॉबर्ट हजिन्स आणि मार्टिन जॅरोल्ड यांनी १९९५ साली. सायटोक्रोम सी हे एकच प्रोटीन, वजन तेच, पण वायूत त्याचे वेगवेगळे आकार वेगवेगळ्या वेळी पोचले: घडी घातलेलं आधी, उलगडलेलं नंतर. २००६च्या सुमाराला उफणणी आणि वजनकाटा एकाच पेटीत बसवलेली मशिन्स बाजारात आली.

त्यानंतरची सगळ्यात चतुर युक्ती म्हणजे उफणणी उलटी करणं. मेल्विन पार्क आणि मंडळींनी केलेल्या रचनेत वायूचा झोत रेणूंना पुढे ढकलतो आणि वीज त्यांना मागे धरून ठेवते. जो जास्त पसरट, त्याला वारा जास्त पुढे नेतो. प्रत्येक जण आपापल्या जागी अडकून उभा राहतो, जसं खळ्यावर दाण्याचा ढीग जवळ आणि भुसाचा लांब. मग विजेची पकड हळूहळू सैल करायची. पसरट आधी सुटतात, घट्ट नंतर, आणि प्रत्येक घोळका सुटला की पुढच्या काट्यावर त्याचं वजन. ही अख्खी फेरी सेकंदाच्या दहाव्या भागात संपते.

आणि आता आपला, म्हणजे आयटीवाल्यांचा, भाग. जुन्या मशीनमध्ये एका वेळी एक तुकडा निवडून तो फोडून वाचायचे आणि तोवर बाकीचे वाया जायचे. जर्मनीत मॅक्स प्लांक संस्थेतल्या मथियास मान यांच्या गटानं २०१५ मध्ये पार्क यांच्याबरोबर जी पद्धत मांडली तिच्यात दोन खोल्या आहेत. एका खोलीत रेणू जमत असतात, त्याच वेळी दुसऱ्या खोलीतले क्रमानं सोडून वाचले जातात. डबल बफरिंग! कोणी वाया जात नाही. सेकंदाला शंभरहून जास्त तुकडे वाचता येऊ लागले. २०१८च्या लेखात दोन तासांच्या एका फेरीत मानवी पेशींतली सहा हजारांवर प्रोटीन ओळखल्याचं दिलंय. इंग्रॅमच्या कागदावर तीस ठिपके होते, आणि एका प्रोटीनचे. आज फेऱ्या आणखी छोट्या करून एका मशीनवर दिवसाला शेकडो नमुने घेता येतात.

इथे थांबून एक खुलासा केला पाहिजे. त्या बाळाला सिकलसेल आहे का एवढंच बघायचं असेल तर ह्या ऐरावताची गरज नाही. हिमोग्लोबिन रक्तात ढिगानं असतं, एका तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. ब्रिटनमधल्या काही नवजात तपासणी लॅब साध्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, थेंब ट्रिप्सिननं कापून, हेच काम रोज करतात. थेट इंग्रॅमची रीत! मोठ्या मशीनचा उपयोग पुढच्या प्रश्नाला: एकच सदोष मणी असून एका मुलाला महिन्या-महिन्याला दवाखाना आणि दुसऱ्याला वर्षभर काही नाही, असं का? ह्याचं एक कारण माहीत आहे, गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही ज्यांच्यात जास्त उरतं त्यांना त्रास कमी. पण सगळं उत्तर तेवढ्यात नाही. रक्तात हिमोग्लोबिनखेरीज हजारो प्रोटीन आहेत आणि ती शेकडो रुग्णांत मोजायची तर वेग लागतोच.

पण वेग म्हणजे नक्की कुणाचा वेग? जीन ॲमडाल यांनी १९६७ साली जे सांगितलं ते आपण इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं असतं: कामाचा एक भाग कितीही जलद केला तरी एकूण वेळ उरलेल्या संथ भागावर अडतो. समजा रक्त घेतल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत तीस दिवस लागतात आणि त्यात मशीनवरचा वेळ एक तास आहे. मशीन दहापट वेगवान केलं. आता किती दिवस? तीसच.

आणि आपल्याकडे हा संथ भाग कुठे आहे ते बघू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे लक्ष्य. २०२५च्या मध्यापर्यंतच सरकारी आकडा सहा कोटींच्या पुढे गेला, दोन लाखांहून जास्त रुग्ण सापडले. आकडा खरंच मोठा आहे आणि तो गावोगाव फिरणाऱ्या आशाताई आणि लॅब टेक्निशियन यांनी पायी गाठलेला आहे. पहिली चाळणी बहुधा सोल्युबिलिटी टेस्टची: रक्त एका द्रावणात टाकायचं, गढूळ झालं तर संशय. काही मिनिटांत होते आणि स्वस्त आहे. पण ती वाहक आणि रुग्ण वेगळे करत नाही, त्यासाठी पुन्हा धाव बघावी लागते, म्हणजे पॉलिंगकडे जावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती सहा महिन्यांखालच्या बाळावर भरवशाची नाही. जन्मतः बाळाच्या रक्तात बहुतांश गर्भातलंच हिमोग्लोबिन असतं. सदोष बीटा साखळी अगदी थोडी, द्रावण गढूळ होत नाही, टेस्ट निगेटिव्ह येते. पुढच्या काही महिन्यांत गर्भातलं हिमोग्लोबिन ओसरतं आणि आजार उघडा पडतो. ह्याच काळात जंतुसंसर्ग बाळाला घेऊन जाऊ शकतो. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं, तर न्यूमोकॉकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फरक एवढा होता की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. पेनिसिलिन! आपल्या आजोबांच्या काळातलं औषध. मोठ्यांसाठी हायड्रॉक्सीयुरिया आहे, तेही महाग नाही. म्हणजे औषध आहे, मोजायची रीत आहे. प्रश्न एवढाच आहे की थेंबाचं उत्तर बाळाला सहा महिने व्हायच्या आत येतं की नंतर.

हे आपल्याकडे करून बघितलंय. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. दीप्ती जैन आणि मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेच्या डॉ. रोशन कोलाह यांच्या गटानं नवजात बाळांची तपासणी केली आणि मध्य भारतात हा आजार किती जास्त आहे ते २०१२ साली छापलं. ही मुंबईची संस्था १९५७ साली रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली, शुक्ला-सोळंकींच्या लेखाच्या एकच वर्ष आधी. तिचा वारसा आता विदर्भातही आहे: चंद्रपूरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं संशोधन केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालं. योगायोग बघा, त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पाही खुला झाला. हा रस्ता सिंदखेडराजा तालुक्यातूनच जातो.

आता पाइपलाइन पूर्ण डोळ्यांसमोर आणा. साखरखेर्ड्यात बाळ जन्मलं. टाचेचा थेंब जाड कागदावर टिपला, सावलीत सुकवला, पाकिटात घातला. सुकलेल्या थेंबाला बर्फ लागत नाही, तो टपालानंही जातो. समृद्धीवरून नागपूर काही तासांवर. लॅबमध्ये ट्रिप्सिन, मग काटा, मिनिटभराचं काम. इथपर्यंत सगळं वेगवान आहे, आणि प्रत्येक पायरीमागे कुणाची तरी वर्षं गेलेली आहेत.

मग उलटा प्रवास. रिपोर्ट जिल्ह्याला येतो, जिल्ह्याहून तालुक्याला. तोवर आई बाळंतपण उरकून सासरी गेलेली असते, किंवा दिवाळीनंतर अख्खं कुटुंब कारखान्याच्या फडावर. फोन नंबर दिराचा दिलेला. आणि समजा सापडलीच, तर "तुमच्या रक्तात दोष आहे" हे वाक्य सासरच्या ओसरीवर उच्चारायचं कसं? दोष दोघांकडून आल्याशिवाय आजार होत नाही हे शास्त्र १९४९ पासून पक्कं आहे, पण बोट अजून बहुधा आईकडेच दाखवलं जातं. ह्या टप्प्याला कुठलंही मशीन नाही. तिथे एक आशाताई आहे, तिच्याकडे एक रजिस्टर आहे आणि बाकी पन्नास कामं आहेत.

आपण सिस्टिम्स बांधणारी माणसं. नमुन्याला क्रमांक लावणं, तो कुठे अडकलाय ते दाखवणं, आई कुठेही गेली तरी रिपोर्ट तिच्या मागे जाईल असं करणं, आणि बाळ सहा महिन्यांचं व्हायला किती दिवस उरलेत ते आशाताईला रोज सकाळी सांगणं. ह्यात नोबेल मिळण्यासारखं काही नाही. पण पॉलिंगपासून पार्कपर्यंतची सगळी साखळी ह्या शेवटच्या मण्यावर येऊन थांबलीये, आणि हा मणी आपल्या कामाचा आहे.

असो, लेख बराच लांबला. सोमवारी कुणी तुम्हाला विचारलं की थ्रूपुट म्हणजे काय, तर सेकंदाला किती तुकडे वाचले ते सांगू नका. सहा महिने पूर्ण व्हायच्या आत किती बाळांच्या तोंडात पेनिसिलिन पडलं, ते सांगा.